बर्फाचा गोळा : निशी-कासाईच्या किचनमधल्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

प्रकल्प काय ते आधी लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभराने भलतंच काहीतरी करत बसेन. एका ग्लासात मावेल असा एक बर्फाचा गोळा, साधारण साडेसहा सेंटिमीटरचा, आरपार दिसणारा, हाताने कोरलेला. साचा वापरायचा नाही. मुदत पाडव्यापर्यंत, म्हणजे ३० मार्च.

कारण कालची रात्र. ऑफिसातून निघायलाच नऊ झाले, डोकं पार शिणलेलं, टोकियो मेट्रोच्या तोझाई लाइनने निशी-कासाईला घरी येताना चार स्टेशनं आधीच मोनझेन-नाकाचोला उतरले आणि गल्लीतल्या एका छोट्या बारमध्ये गेले, तिथे मी याआधी दोनदा गेलेय. आठ खुर्च्या, एक लाकडी काउंटर, मागे बाटल्या आणि सत्तरीचे मास्टर. जपानात बारवाल्याला सगळे मास्टरच म्हणतात. गरम ओशिबोरी हातात आली, म्हणजे वाफेतला छोटा टॉवेल, त्याने हात पुसले की अर्धा थकवा तिथेच जातो. मग ओतोशी, म्हणजे न मागताच समोर येणारं थोडंसं खाणं, काल भाजलेले गिंको बी होते.

व्हिस्की सांगितली. मास्टरांनी फ्रीझरमधून गोळा काढला, पाण्याखाली एकदा धुतला, ग्लासात हळूच ठेवला, आवाज सुद्धा झाला नाही. मग व्हिस्की न ओतताच नुसता गोळा चमच्याने ग्लासात फिरवला, पाच-सहा वेळा, ग्लास गार झाला, खाली जे चमचाभर पाणी जमलं ते ओतून टाकलं, आणि मग व्हिस्की. बाटलीचं लेबल माझ्याकडे वळवून ठेवलं. व्हिस्की ओतल्यावर गोळा दिसेनासा झाला, म्हणजे ग्लासात काही आहे हे फक्त त्याच्या कडेवरून कळत होतं. मी पाऊण तास बसले तेवढ्या वेळात त्यातलं कितीसं वितळलं असेल, पेय शेवटच्या घोटापर्यंत पातळ झालं नाही.

एकटी बाई काउंटरवर बसली तरी कुणी वळून बघत नाही, हेही लिहायला हवं, माझ्यासाठी ते मोठं आहे.

१३ जानेवारी, सोमवार (सुट्टी)

काप्पाबाशीला जाऊन आले. उएनो आणि आसाकुसाच्या मधला हा भांड्यांचा रस्ता, तावारामाचीला उतरलं की पाच मिनिटं. हॉटेलांना लागणारं सगळं मिळतं तिथे. बारच्या सामानाच्या दुकानात तासभर गेला. काय काय घेतलं ते लिहिते: एक तीन दातांचा टोच्या, एक एका टोकाचा टोच्या, बारीक दातांची बर्फाची करवत, लांब बारस्पून ज्याच्या दुसऱ्या टोकाला काटा असतो. छोटी सुरी घरी आहे.

मिक्सिंग ग्लासवर जीव गेला होता, काचेवर तिरक्या रेषा एकमेकींना छेदत जातात तो याराई नक्षीचा, याराई म्हणजे बांबूचं कुंपण, पण तो नंतर. आधी बर्फ. दुकानदार आजोबांनी टोच्या देताना तो कसा धरायचा ते न विचारता दाखवलं, मूठ खाली घ्यायची आणि तर्जनी टोकाजवळ आणायची, म्हणजे निसटला तरी बोटाएवढाच आत जातो.

१९ जानेवारी, रविवार

पहिल्या आठवड्याचा निकाल: सगळा बर्फ पांढरा.

सिलिकॉनच्या मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये नळाचं पाणी, मग उकळून गार केलेलं पाणी, मग दोनदा उकळलेलं, मग बाटलीतलं. चारही ट्रे शेजारी ठेवून बघितले. उकळलेलं किंचित बरं, बाकी फरक नाही. सगळ्यांच्या पोटात तोच पांढरा ढग. म्हणजे प्रश्न पाण्याचा नाहीये, गोठतं कसं त्याचा आहे. ट्रे सगळ्या बाजूंनी एकदम गार होतो, बाहेरचं कवच आधी धरतं, आणि पाण्यातली विरघळलेली हवा आणि क्षार आत आत ढकलले जातात आणि शेवटी मध्यभागी अडकतात. तोच ढग.

हे फक्त दिसण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण तो ढग म्हणजे बारीक बुडबुडे आणि भेगा, तिथून बर्फ फुटतो आणि लवकर वितळतो.

गोळाच का, याचा हिशेब पण आज करून बघितला. साडेसहा सेंटिमीटरच्या गोळ्याचा पृष्ठभाग साधारण १३३ चौरस सेंटिमीटर. जवळजवळ तेवढाच बर्फ तीन सेंटिमीटरच्या पाच क्यूबमध्ये घातला तर पृष्ठभाग २७०. म्हणजे दारू ज्याला लागते ते अंग निम्म्यावर येतं, म्हणून वितळणं संथ. शिवाय १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, त्यामुळे थोडंसं वितळलं तरी थंडावा भरपूर मिळतो. बारमधल्या बर्फाचं सगळं कौशल्य या दोन गोष्टींच्या मध्ये आहे असं मला वाटायला लागलंय, गार तर करायचं पण पाणी मोजून द्यायचं.

२५ जानेवारी, शनिवार

आज बाबांचा फोन. दर शनिवारी असतोच, पण आज वेगळा.

बाबांनी रत्नागिरीत मिरकरवाड्याला बर्फाच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली. बोटींना लागणारा बर्फ. माझं लहानपण त्या वासात गेलं, अमोनिया आणि मासळी. आणि मी दोन आठवडे इंटरनेटवर बर्फ बर्फ शोधत बसले होते आणि त्यांना विचारायचं सुचलंच नाही.

मी ट्रेमधला पांढरा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. म्हटलं, "बाबा, हा आतून पांढरा का होतो ते कळलं, पण घालवू कसा?"

"काय गो, तू बर्फ कधीपासून करायला लागलीस?" असं म्हणाले, पण लगेच चष्मा लावून जवळ आले.

मग वीस मिनिटं बोलत होते. फॅक्टरीत मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, उणे दहाच्या आसपास, त्यात पाण्याचे पत्र्याचे डबे सोडलेले. प्रत्येक डब्यात हवेची बारीक नळी. ती नळी पाणी सतत हलतं ठेवते म्हणून बुडबुडे कडेच्या बर्फाला चिकटत नाहीत, मधल्या पाण्यातच राहतात. कडेने बर्फ आत आत येत जातो आणि शेवटी मध्ये जे पाणी उरतं त्यात सगळी घाण आणि क्षार गोळा झालेले असतात. "ते मधलं पाणी पंपाने ओढून काढायचं नि नवीन स्वच्छ पाणी घालायचं. मासळीच्या बर्फाला कोण करतोय एवढं, पण लग्नाची ऑर्डर असली की करायचो. पांढरी लादी लग्नात चालत नाही."

लादी हा शब्द किती वर्षांनी ऐकला.

फोन ठेवल्यावर इथल्या बर्फाचं वाचलं. जपानातले बर्फवाले बारना जो बर्फ देतात तो अगदी असाच बनतो, मिठाच्या पाण्याची टाकी, डबे, हवेची नळी, मधलं पाणी बदलणं, ४८ तास किंवा जास्त. एक लादी १३५ किलोची, म्हणजे जुन्या मापाने ३६ कान, एक कान पावणेचार किलो. कानाझावाची कुरामोतो कंपनी तर १९२३ पासून बर्फाच्या धंद्यात आहे.

बर्फ कशासाठी पाहिजे ते मी बाबांना सांगितलं नाही. मी "सरबतासाठी" म्हणाले. बाबा माळकरी आहेत. खोटं बोलल्याचं दिवसभर टोचत राहिलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या फ्रीझरमध्ये हवेची नळी नाही. पण तत्त्व तेच, घाण एका बाजूला ढकलायची आणि ती बाजू टाकून द्यायची. घरी करणारे लोक पाणी थर्मोकोलच्या खोक्यात झाकण न लावता ठेवतात, चारी बाजू आणि तळ झाकलेले असल्यामुळे गारवा फक्त वरून शिरतो आणि बर्फ वरून खाली धरत जातो. ढग तळाला जातो.

मासळीवाल्याकडून थर्मोकोलचं खोकं मागून आणलं, तीनदा धुतलं. फ्रीझरमधल्या नारळाच्या पिशव्या आणि पोळ्या हलवाव्या लागल्या, नवरा काही बोलला नाही पण पोळ्या मोजून परत ठेवल्या त्याने.

पहिला प्रयत्न २२ तास. बाहेर काढलं तर वरचा आठ सेंटिमीटर भाग एकदम काच, खाली थोडं पाणी अजून शिल्लक. पाणी ओतून दिलं. मी तो ठोकळा खिडकीपाशी धरला, समोरच्या बिल्डिंगचे कपडे वाळत घातलेले त्यातून दिसत होते. ओरडलेच.

मग लगेच करवत लावली आणि तो मधोमध तडकला. चार तुकडे.

९ फेब्रुवारी, रविवार

तडकण्याचं कारण बाबांनी एका वाक्यात सांगितलं. "लादी डब्यातून काढली की लगेच हात लावायचा नाही. घाम फुटू दे तिला."

फ्रीझरमधून उणे १८ ला बाहेर आलेला बर्फ आतून बाहेरून सारख्या तापमानाला नसतो, वरचा भाग खोलीच्या हवेने गरम होऊन पसरतो, आतला तसाच राहतो, आणि त्यात टोच्या मारला की तो ताण तिथून सुटतो. थोडा वेळ ठेवला की आधी त्याच्यावर पांढरी धुरकट साय येते, मग ती जाते आणि अंग ओलं चकचकीत होतं. तेव्हा तो हवा तसा तुटतो, करवतीने रेघ मारायची, रेघेत सुरी ठेवायची, वर टिचकी मारल्यासारखं ठोकायचं, दोन सरळ भाग. आज सलग पाच वेळा केलं, एकदाही तडा नाही.

सात सेंटिमीटरचे चार घन तयार. परत फ्रीझरमध्ये, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वेगवेगळे.

११ फेब्रुवारी, मंगळवार (सुट्टी)

आज कोरायला सुरुवात. सकाळी अकरा ते दुपारी तीन, चार घन, त्यातून एक गोळ्यासारखी वस्तू.

पद्धत अशी. डाव्या हातात घडी घातलेला टॉवेल, त्यावर घन. आधी आठ कोपरे सुरीने उडवायचे, मग बारा कडा, म्हणजे एक बऱ्याच पैलूंचा दगड होतो. मग तीन दातांच्या टोच्याने पैलूंच्या मधल्या धारा बारीक बारीक टोचत जायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हत्याराचा हात जागेवर ठेवून बर्फ फिरवायचा. मी उलटं करत होते, बर्फ घट्ट धरून टोच्या फिरवत होते, त्यामुळे एकीकडे खड्डा आणि एकीकडे टेकाड. तळहातात बर्फ सारखा थोडा थोडा फिरता राहिला की डोळ्याला आपोआप कळतं कुठे जास्त आहे. शेवटी पाण्याखाली धरून तळव्याने चोळला की टोचल्याच्या खुणा जातात. भाकरी थापताना परातीत ती फिरती ठेवतो ना, हाताला तीच सवय लागते इथे.

डाव्या हाताची बोटं संध्याकाळपर्यंत बधिर होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फोटो घेऊन बारमध्ये गेले. मास्टरांची परवानगी घेऊन मोबाइल काउंटरवर ठेवला, त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "खालच्या बाजूला घाई झाली."

खरंच झाली होती. खालची बाजू कोरताना हात गारठला होता.

आज पाऊस असल्यामुळे दोनच गिऱ्हाइकं होती, ते बोलले थोडं. शिकायला लागले तेव्हा पहिली तीन वर्षं शेकरला, म्हणजे कॉकटेल हलवायच्या भांड्याला, हात लावला नव्हता. ग्लास पुसणं, काउंटर पुसणं, बर्फ फोडणं, ओशिबोरी गुंडाळणं. मी विचारलं, कंटाळा नाही यायचा? म्हणाले की बर्फ रोज वेगळा येतो, मग कंटाळा कसा येईल. तुमच्या बर्फाला काढल्यावर किती वेळ ठेवता, असंही विचारलं. त्यांनी मिनिटं सांगितली नाहीत, "अंग चमकेपर्यंत" एवढंच म्हणाले. मी बाबांचं घाम फुटण्याचं वाक्य त्यांना जपानीत सांगितलं, नीट जमलं नाही सांगायला, पण त्यांना कळलं, त्यांनी मान हलवली आणि विचारलं की वडील किती वर्षं होते फॅक्टरीत. एकतीस म्हटल्यावर हातातलं फडकं खाली ठेवलं आणि किंचित वाकले. समोर नसलेल्या माणसासाठी.

घरी आल्यावर ही परंपरा इथे आली कुठून ते वाचत बसले. योकोहामाच्या ग्रँड हॉटेलात १८९० च्या सुमाराला लुई एपिंगर नावाचा मॅनेजर होता, त्याचं बांबू कॉकटेल, शेरी आणि ड्राय व्हर्मुथ, अजून जगभर बनतं. मग अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी झाली, तिकडचे कितीतरी बारवाले धंदा सोडून गेले किंवा देश सोडून गेले, शिकवायची साखळी तुटली. इथे ती चालू राहिली. जपानी बारवाल्यांनी जुन्या पाककृती धरून ठेवल्या आणि नवीन शोधण्यापेक्षा त्याच पुन्हा पुन्हा घासत बसले, गाण्यात एकच राग वर्षानुवर्षं गातात तसं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. साइडकार, गिमलेट, मार्टिनी, यात दोन-तीनच गोष्टी असतात, लपायला जागा नाही.

आणि बर्फ सुद्धा तेव्हा बाहेरून यायचा. मशीन यायच्या आधी योकोहामाला अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ यायचा, तसाच तो १८३३ मध्ये कलकत्त्याला पोचला होता आणि मग मुंबईलाही. नाकागावा काहेई नावाच्या माणसाने १८७० च्या सुमाराला उत्तरेकडच्या होक्काइदोतल्या हाकोदाते इथे गोर्योकाकु किल्ल्याच्या खंदकातला बर्फ कापून जहाजाने खाली आणायला सुरुवात केली आणि बोस्टनच्या बर्फाला टक्कर दिली. किल्ल्याच्या खंदकातला बर्फ! बाबांना हे सांगायचंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज हायबॉल. म्हणजे फक्त व्हिस्की आणि सोडा, आणि त्यात किती काय काय आहे.

सांतोरीची काकुबिन, १९३७ पासूनची चौकोनी बाटली, इथल्या कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. व्हिस्की १, सोडा ४. लांब ग्लासासाठी गोळा चालत नाही म्हणून त्याच ठोकळ्यातून लांब पट्टी कापली. ग्लासात बर्फ फिरवून ग्लास गार, पाणी ओतून दिलं, व्हिस्की, परत फिरवली म्हणजे ती पण गार. मग सोडा, एकदम थंड, बर्फावर न आदळता कडेने सोडायचा कारण आदळला की फेस जातो. आणि शेवटी चमच्याने बर्फ एकदाच वर उचलून खाली. ढवळायचं नाही. व्हिस्की हलकी असल्यामुळे ती आपणच वर येते आणि मिसळते.

दोन ग्लास केले, एक असा आणि एक ट्रेमधल्या पांढऱ्या बर्फाचा, मुद्दाम पाच-सहा वेळा ढवळून. नवऱ्याला कुठला कुठला ते न सांगता दिले. वीस मिनिटांनी पहिल्यात बुडबुडे चालू होते, दुसरा गोड पाणी. त्याने दोन घोटांतच ओळखलं. पोळ्या हलवल्याबद्दल आता तक्रार नाही म्हणाला.

कानसाइकडे, म्हणजे ओसाका-कोबेच्या भागात, सांबोआ नावाचे बार आहेत, १९१८ मध्ये कोबेत सुरू झालेले, तिथला हायबॉल बिनबर्फाचा. व्हिस्की, ग्लास आणि सोडा तिन्ही इतकं गार ठेवतात की बर्फ लागतच नाही. दीड महिना बर्फावर घालवल्यावर हे वाचून आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की तेही पाणी मोजण्याचंच टोक आहे, त्यांनी ते शून्यावर नेलं.

८ मार्च, शनिवार

शेकर घेतला. तीन भागांचा, भांडं, गाळणी, टोपण. अमेरिकेत दोन मोठे डबे एकमेकांत अडकवतात, इथे बहुतेक सगळीकडे हाच.

हार्ड शेकबद्दल लिहायलाच हवं. उएदा काझुओ, ज्यांनी १९९७ मध्ये टोकियोतल्या गिन्झा भागात टेंडर बार उघडला, त्यांची ही पद्धत. शेकर नुसता वर-खाली नाही, मनगटाला झटका देत बर्फ भांड्यात आतल्या आत कोपऱ्यांवर आपटून फिरत राहील असा, त्यामुळे इतके बारीक बुडबुडे तयार होतात की दारूचा तिखटपणा जिभेला थेट लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. किशी हिसाशी, १९९६ चे जागतिक कॉकटेल स्पर्धेचे विजेते, २००० मध्ये त्यांनी स्टार बार काढला, त्यांचा शेक वेगळा. उएनो हिदेत्सुगु आधी त्यांच्याकडे होते, मग २००८ मध्ये बार हाय फाइव्ह काढला, तिथे मेनू नाही, तुम्ही काय आवडतं ते सांगायचं, आणि ते बर्फ हिऱ्यासारखा पैलू पाडून कोरतात. एकाच गिन्झात एवढी माणसं आणि प्रत्येकाचं मनगट वेगळं.

तिकडे अमेरिकेत लोकांनी थर्मामीटर लावून तपासलं आणि म्हणाले की कसंही हलवा, दहा-बारा सेकंदांनंतर तापमान आणि पाणी जवळजवळ सारखंच येतं. मी पण मोजलं. जिन, लाइमचा रस, साखरेचा पाक, गिमलेट. साधं हलवून १२ सेकंद: उणे ५. मला जमेल तसा झटका देऊन १२ सेकंद: उणे ५. दोनदा केलं, तेच.

पण तोंडात सारखं नव्हतं. झटकावालं वर बर्फाच्या बारीक कणांची साय घेऊन आलं आणि पहिला घोट मऊ लागला. थर्मामीटर जे मोजतो ते खरंच आहे, फक्त तो मऊपणा मोजत नाही. मला उएदांचा मुद्दा पटतो, आणि त्याहून जास्त हे पटतं की एका माणसाने आयुष्यभर एका मनगटाच्या हालचालीवर विचार केला.

२० मार्च, गुरुवार (सुट्टी)

आज बाबांना खरं सांगितलं.

ठरवून नाही. खंदकातल्या बर्फाची गोष्ट सांगत होते, ती त्यांना फार आवडली, किल्ला कुठला, खंदक किती रुंद, कापायचे कशाने, सगळं विचारलं. मग म्हणाले, "एवढा अभ्यास सरबतासाठी नाय गो करत कोण."

मग सांगितलं. बार, मास्टर, व्हिस्की, गोळा. मी पिते हेही. पलीकडे गप्प. आईचा कुकर ऐकू येत होता.

मला काय बोलावं सुचेना म्हणून मी इयामा केइइची यांची गोष्ट सांगितली. उत्तरेकडे यामागाता प्रांतात साकाता नावाचं बंदराचं गाव आहे, तिथे त्यांचा केर्न नावाचा बार. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी युकिगुनी नावाचं कॉकटेल केलं, युकिगुनी म्हणजे बर्फाचा प्रदेश. व्होडका, व्हाइट क्युरासाओ म्हणजे संत्र्याच्या सालीचं गोड मद्य, लाइम, ग्लासाच्या काठाला साखर, ती पडलेल्या बर्फासारखी दिसते, आणि तळाला एक हिरवी चेरी. सगळ्या जपानात पोचलं ते. नव्वदी ओलांडल्यावरही ते काउंटरमागे उभे राहायचे, २०२१ मध्ये ९५ व्या वर्षी गेले. आणि त्यांना स्वतःला दारू सोसायची नाही.

"स्वतः पित नव्हता?"

"नाही बाबा."

"मग चव कशी कळायची त्याला?"

"समोरच्याच्या तोंडाकडे बघून कळत असणार."

परत थोडा वेळ गप्प. मग म्हणाले की आमच्याकडनं बर्फ घेऊन बोटी जायच्या तेव्हा आपण काही मासे धरायला जात नव्हतो, पण बोट परत आली की मासळीच्या डोळ्यांकडे बघून कळायचं बर्फ कसा होता. मग म्हणाले, "बेताने घेत जा." आणि मग, "गोळा झाला की मला दाखव."

फोन ठेवून मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

२९ मार्च, शनिवार

सहा घन, सहा गोळे. त्यातला एक पूर्ण गोल, व्हर्निअर लावून बघितला, सगळीकडून ६.४ आणि ६.६ च्या मध्ये. १७ मिनिटं लागली, पहिल्या दिवशी एकाला तास लागला होता. आता कोरताना बर्फाचा आवाज ऐकू येतो, टोच्या बरोबर कोनात लागला की बारीक चरचर, चुकला की टक् असा बद्द आवाज.

गोळे फ्रीझरमध्ये. उद्या पाडवा.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी बाल्कनीत, कडुलिंब नाही मिळाला, आंब्याची पानंही नाहीत, रेशमी खण आणि साखरेची गाठी आईने पाठवलेली. बाजूच्या बिल्डिंगमध्ये अजून दोन गुढ्या दिसल्या, निशी-कासाई आहे शेवटी, भारतीयांची वस्ती.

दुपारी बाबांना व्हिडिओ कॉल. नवऱ्याने मोबाइल धरला. गोळा काढला, ओट्यावर ठेवला, थांबले. बाबा तिकडून सांगत होते, "थांब, अजून साय आहे... अजून... आता." धुतला. ग्लासात ठेवला, चमच्याने फिरवला, पाणी ओतलं. मग रत्नागिरीहून आलेलं कोकमाचं आगळ, आधी साखर, चिमूट मीठ आणि जिरं घालून गार केलेलं. गोळ्यावरून हळू सोडलं. लाल रंगात गोळा बुडाला आणि दिसेनासा झाला, फक्त वरची कड.

आई म्हणाली, "अगो, किती सुंदर." बाबा आधी काही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, दुसरा काढ आणि उजेडाकडे धर.

दुसरा गोळा खिडकीत धरला. नवऱ्याने कॅमेरा जवळ नेला. बाबा बराच वेळ बघत होते.

"डावीकडे वर एक केस आहे बघ."

मला दिसत नव्हता. फिरवला. मग दिसला, एक बारीक बुडबुड्यांची रेघ, केसाएवढीच, खरोखर केसाएवढी. मी रोज हातात घेत होते आणि मला दिसली नव्हती, आणि त्यांना मोबाइलच्या स्क्रीनवर दिसली.

"हे फार लवकर धरलंय. फ्रीझर फार जोरात आहे तुझा. सावकाश धरू दे, मग हवा सुटायला वेळ मिळतो."

आमच्या फ्रीझरला तीन खुणा आहेत, जोरात, मध्यम, मंद. मी सुरुवातीपासून जोरात ठेवला होता. संध्याकाळी सात वाजता नवीन खोकं भरून आत ठेवलंय, खूण मंदवर, पोळ्या परत शेजारणीच्या फ्रीझरमध्ये. या वेळी बावीस तास पुरणार नाहीत, मंगळवारी सकाळी बघते.

बाबांना फोटो पाठवायचा आहे, उजेडाकडे धरून.